तांब्याच्या पत्र्यापासून काचेच्या पडद्यापर्यंत

कृष्णेला पूर येऊ लागला की सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो : “आयर्विनला पाणी किती?” आयर्विन पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हा आकडा ५७ फुटांच्याही वर गेला होता. तिकडे सातारा जिल्ह्यात कोयना धरणातून पाणी सोडले की ते कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिळते आणि खाली सांगलीकडे निघते. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतील माणसे पावसाळ्यात या आकड्यांकडे डोळे लावून बसलेली असतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता अशी कल्पना करा, की तुमच्या वर्गाने पाणीपातळीची माहिती देणारे एक वेबपान तयार करायचे ठरवले आहे. त्यावर काय काय असेल? शीर्षक, आजची पातळी, ती मोजल्याची वेळ, इशाऱ्याच्या व धोक्याच्या पातळ्या आणि घर सोडावे लागले तर बरोबर काय घ्यावे याची यादी. मजकूर थोडाच आहे. पण तो वाचणार कोण? भर पावसात दारात उभ्या असलेल्या एखाद्या मावशी. त्यांच्या हातात लहान फोन आहे, बॅटरी संपत आली आहे आणि नेटवर्क येते-जाते आहे. दुसरे वाचक एक आजोबा आहेत, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तिसऱ्या वाचक एक अंध शिक्षिका आहेत. त्यांचा फोन पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. या तिघांनाही पातळीचा आकडा पाहताक्षणी किंवा ऐकताक्षणी मिळाला पाहिजे.

म्हणजे पानाची मांडणी ही केवळ नटवण्याची गोष्ट नव्हे. माहिती वाचकापर्यंत पोचते की वाटेतच अडकते, हे तिच्यावर ठरते. ही मांडणी कोणत्या तत्त्वांवर चालते, ते आज समजावून घेऊ.

मिरजेची गीता

यासाठी आधी सव्वादोनशे वर्षे मागे जाऊ. सांगलीच्या शेजारच्या मिरजेत १८०५ साली भगवद्गीतेची एक प्रत छापली गेली. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात एका तांबटाने नागरी अक्षरे तांब्यावर कोरण्याचे काम शिकून घेतले होते. १८०० साली नाना वारले. पुढे हा कारागीर मिरजेला आला आणि तेथील संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ही गीता तयार झाली.

त्या छपाईची पद्धत लक्षात घ्या. तांब्याच्या पत्र्यावर अख्खे पान कोरायचे, तेही उलट्या अक्षरांत, म्हणजे कागदावर ते सुलट उमटते. आता समजा, एक अक्षर चुकले. काय करणार? पत्रा ठोकून पुन्हा कोरावा लागणार. पान लहान करायचे झाले तर? नवा पत्रा! मजकूर, अक्षराचा आकार, ओळीची लांबी हे सारे एकाच धातूत एकदाच गोठलेले.

पुढे सुट्या खिळ्यांची छपाई आली. जुळारी एकेक खिळा उचलून शब्द जुळवी. चुकलेले अक्षर काढून दुसरे बसवता येई. तेच खिळे दुसऱ्या पानाला उपयोगी पडत. दोन ओळींत अंतर हवे असेल तर तो मध्ये शिशाची पातळ पट्टी सारी. ही पट्टी लक्षात ठेवा, ती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. याच भागात, किर्लोस्करवाडीला, १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. पान वाचण्याआधी डोळ्यांना दिसते, हे चित्रकाराला सांगावे लागत नाही. सातारा जिल्ह्यातील वाईला तर मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. आज तोच विश्वकोश पडद्यावरही वाचता येतो.

आता गंमत पाहा. आजही कित्येक जण कागदावरची सूचना फोनने टिपतात आणि ते छायाचित्रच वेबपानावर चिकटवतात. दिसायला ते पान आधुनिक असते, पण प्रत्यक्षात तो मिरजेचा तांब्याचा पत्राच आहे! त्यातील शब्द शोधून सापडत नाही. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. अंध वाचकाच्या फोनला त्यात शब्द नव्हे, नुसते चित्र मिळते. आणि वजनही पाहा. संगणकात नागरीचे एक चिन्ह साठवायला आजच्या रूढ पद्धतीत ३ बाइट लागतात. १,००० चिन्हांची सूचना झाली ३,००० बाइटांची. त्याच सूचनेचे छायाचित्र ३,००,००० बाइटांचे असेल, तर ते १०० पट जड झाले. पुरात नेटवर्क मंदावलेले असताना ही १०० पट फार महाग पडते.

मजकूर वेगळा, सजावट वेगळी

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. वेबपान लिहिण्यासाठी त्यांनी जी भाषा तयार केली तिला एच.टी.एम.एल. म्हणतात. या भाषेत मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला खूण करायची असते : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून दुसऱ्या नोंदीचे नाव दिलेले तुम्ही पाहिले असेल. वेबवरचा दुवा म्हणजे तेच ‘पहा’; फरक एवढाच, की येथे बोट लावताच ते पान समोर उघडते.

या खुणा तुकड्याचे काम सांगतात, रूप सांगत नाहीत. शीर्षक लाल असावे की निळे, हे सांगण्यासाठी दुसरी भाषा आहे, सी.एस.एस. हाकोन व्यूम ली यांनी १९९४ साली तिची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध झाली. या भाषेतला एकेक नियम म्हणजे एकेक वाक्य समजा : ‘सर्व शीर्षके गडद निळ्या रंगात दाखव’, ‘सर्व परिच्छेदांची अक्षरे १८ पिक्सेल ठेव’.

दोन भाषा कशासाठी? समजा, तुमच्या शाळेच्या संकेतस्थळावर ५० पाने आहेत आणि सगळी शीर्षके हिरवी करायची आहेत. रूप मजकुरातच मिसळलेले असेल तर ५० पाने उघडून दुरुस्त करावी लागतील. ते एका वेगळ्या नियमपत्रकात असेल तर एक ओळ बदलली की काम झाले. शिवाय, अंध शिक्षिकांच्या फोनला रंगाशी कर्तव्य नाही. ‘हे शीर्षक आहे’ ही खूण मात्र त्याला हवी असते. शीर्षक म्हणून खूण न करता एखादी ओळ नुसती मोठी आणि ठळक केली, तर डोळस माणसाला ती शीर्षक वाटेल, पण त्या फोनला ते कळणार नाही.

प्रत्येक तुकडा म्हणजे एक शेत

ब्राउझर, म्हणजे वेबपान दाखवणारा प्रोग्रॅम, पानावरच्या प्रत्येक तुकड्याला एक चौकोन समजतो. हा चौकोन समजायला शेतासारखे उदाहरण नाही. मधोमध हळदीचे पीक उभे आहे, तो झाला मजकूर. पीक आणि बांध यांच्यामध्ये थोडी मोकळी जमीन सोडली आहे, तिला म्हणतात पॅडिंग. मग बांध, म्हणजे बॉर्डर. बांधाबाहेर शेजारच्या शेतापर्यंत सोडलेली वाट, ती मार्जिन.

आता गणित करू. तुम्ही चौकोनाची रुंदी ३०० पिक्सेल, पॅडिंग २० आणि बॉर्डर ५ अशी मापे दिली. मग चौकोन पडद्यावर किती जागा घेईल? नवशिके म्हणतात, ३००. उत्तर चुकले! वेगळी सूचना नसेल तर ३०० हे नुसत्या पिकाचे माप असते. पॅडिंग आणि बॉर्डर दोन्ही बाजूंना आहेत :

३०० + (२ × २०) + (२ × ५) = ३५० पिक्सेल.

मावशींच्या फोनवर जागा ३२० पिक्सेलच असेल, तर ३० पिक्सेल पडद्याबाहेर जाणार, आणि पातळीचा आकडा नेमका त्यातच असला तर? यावर उपाय आहे. ‘बॉक्स-सायझिंग’ नावाच्या नियमाला ‘बॉर्डर-बॉक्स’ ही किंमत दिली की ३०० हे माप बांधासकट सगळ्या शेताचे धरले जाते. मग मजकुराला ३०० – ५० = २५० पिक्सेल उरतात आणि चौकोन फोनमध्ये बसतो.

मार्जिनची आणखी एक गंमत. एकाखाली एक असे दोन परिच्छेद आहेत. वरच्याचे खालचे मार्जिन २० आणि खालच्याचे वरचे मार्जिन ३०. मध्ये अंतर किती पडेल? ५० नव्हे, तर ३०! दोन शेजाऱ्यांनी दोन वेगळ्या वाटा न सोडता एकच वाट सामाईक ठेवावी, आणि ती दोघांच्या वाटांपैकी रुंद असेल तेवढी असावी, तसे हे आहे. साध्या परिच्छेदांच्या बाबतीत वर-खालच्या मार्जिनांना हा नियम लागू होतो, डाव्या-उजव्या मार्जिनांना होत नाही.

चारही बाजूंची मापे एका ओळीत द्यायची झाली तर क्रम घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असतो : आधी वरची (१२ वाजता), मग उजवी (३ वाजता), खालची (६ वाजता) आणि शेवटी डावी (९ वाजता).

नागरीला वरखाली जागा हवी

आता ती शिशाची पट्टी आठवा. दोन ओळींतले अंतर सी.एस.एस.मध्ये ‘लाइन-हाइट’ या नियमाने ठरते. इंग्रजी पुस्तकांतून उचललेली मापे येथे जशीच्या तशी घेऊ नका. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि अक्षराच्या खाली उकार, ऊकार, ऋकार असतात. ‘मूर्ती’ हा शब्द लिहून पाहा : वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार! ओळी फार जवळ आल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

अक्षर १८ पिक्सेल असेल आणि लाइन-हाइट १.२ ठेवली तर एका ओळीला १८ × १.२ = २१.६ पिक्सेल मिळतात. तीच १.६ केली तर १८ × १.६ = २८.८ पिक्सेल. मराठी मजकूर दुसऱ्या मापात कसा सुटसुटीत होतो ते स्वतः करून पाहा. फॉन्टप्रमाणे माप थोडे कमीजास्त करावे लागेल. आजोबांसाठी हे फार महत्त्वाचे आहे.

नागरीची आणखी एक अडचण आता बऱ्याच अंशी मिटली आहे. पूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टचे स्वतःचे संकेत असत. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला की पानावर अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. ‘क’ चा क्रमांक २३२५. तो पाटणला लिहिला काय आणि जतला वाचला काय, ‘क’ च राहणार. म्हणून पानाच्या आरंभी मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला आहे, आणि भाषा मराठी आहे, अशा दोन खुणा अवश्य कराव्यात. दुसऱ्या खुणेमुळे वाचून दाखवणाऱ्या फोनला मराठी आवाज निवडता येतो.

रंगाचे शास्त्र

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून बनतो. प्रत्येकाची तीव्रता ० ते २५५ अशी २५६ पायऱ्यांत देता येते. एकूण रंग किती झाले? २५६ × २५६ × २५६ = १,६७,७७,२१६. लाल २५५, हिरवा २५५ आणि निळा ० दिला तर कोणता रंग येईल? चित्रकलेच्या तासाला लाल व हिरवा मिसळून मळकट तपकिरी येतो. पडद्यावर मात्र पिवळा येतो! कारण रंगद्रव्ये प्रकाश शोषून घेतात, तर येथे प्रकाशात प्रकाशाची भर पडते.

पण एक कोटीवर रंग आहेत म्हणून पानावर रंगपंचमी खेळू नका. पांढऱ्यावर फिकट पिवळे अक्षर उन्हात दिसत नाही. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या तेजातील फरक मोजण्यासाठी एक गुणोत्तर वापरतात. काळ्या-पांढऱ्याचे ते २१ : १ असते आणि साध्या मजकुरासाठी ते निदान ४.५ : १ असावे असा संकेत आहे. दुसरे असे, की काही जणांना लाल आणि हिरवा यांतील भेद ओळखता येत नाही. म्हणून धोका दाखवायला नुसता लाल रंग पुरेसा नाही. त्याबरोबर ‘धोका’ हा शब्दही लिहा.

पडदा लहान, पडदा मोठा

छापील पानाचा आकार ठरलेला असतो, वेबपानाचा नसतो. पाणी ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेते, तसे वेबपानाने वागावे. समजा, कऱ्हाड, सांगली आणि मिरज अशा तीन ठिकाणांचे तीन चौकोन आहेत. प्रत्येकाची रुंदी २०० पिक्सेल आणि मध्ये २० पिक्सेल अंतर. तिन्ही शेजारी शेजारी बसायला ६०० + ४० = ६४० पिक्सेल हवेत. ७६८ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ते आरामात बसतील. ३६० पिक्सेलच्या फोनवर मात्र दोनही बसणार नाहीत, कारण दोघांना ४२० लागतात. तेव्हा चौकोनांना ‘जागा नसेल तर खालच्या ओळीत जा’ असे सांगावे लागते. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या पद्धतींनी ते सहज सांगता येते. त्याआधी, १९९० नंतरच्या काही वर्षांत, पानाची मांडणी करण्यासाठी सर्रास तक्ते वापरीत, आणि लहान पडद्यावर ती पाने अडून बसत.

फोनवर कोणता चौकोन वर येईल? सर्वसाधारणपणे जो मजकुरात आधी लिहिला असेल तो. म्हणून सर्वांत निकडीची गोष्ट मजकुरातच आधी लिहा. आजची पातळी पहिल्या ओळीत, वेळ तिच्याच शेजारी. शाळेचे बोधचिन्ह आणि स्वागताचा मजकूर मागाहून.

नियमांचा धबधबा

सी.एस.एस.मधल्या पहिल्या ‘सी’ चा संबंध ‘कॅस्केड’ शी आहे. कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारा धबधबा. साताऱ्याजवळचा ठोसेघर आठवा. येथेही नियम वरून खाली उतरतात. संपूर्ण पानाला अक्षराचा रंग काळा दिला, तर आतील परिच्छेद तो वारशाने घेतात. बॉर्डर मात्र वारशाने उतरत नाही; नाहीतर प्रत्येक तुकड्याभोवती कुंपणच कुंपण झाले असते!

दोन नियमांत भांडण झाले तर? शाळेचे उदाहरण घ्या. ‘सर्वांनी मैदानावर जावे’ हा साऱ्या शाळेसाठी नियम. ‘दहावीने वर्गात थांबावे’ हा एका गटासाठी. ‘दहावीच्या प्रमुखाने कार्यालयात यावे’ हा एका व्यक्तीसाठी. जो नियम अधिक नेमका, तो चालतो. दोन नियम सारख्याच वजनाचे असतील तर जो नंतर लिहिला तो चालतो. ‘मी रंग बदलला तरी बदलतच नाही’ अशी नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते. तिचे उत्तर बहुधा येथेच सापडते : दुसरीकडे कुठे तरी अधिक नेमका नियम बसलेला असतो.

करून पाहा

संगणकाची घाई करू नका. पहिला प्रयोग कागदावर करा. पूरपानावरचा मजकूर वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. प्रत्येक चिठ्ठीमागे तिचे काम लिहा : शीर्षक, परिच्छेद, यादी. मग फोनच्या आकाराचा कागद कापून चिठ्ठ्या एकाखाली एक रचा. जी चिठ्ठी पहिल्या पडद्यात मावत नाही ती खरोखरच दुय्यम आहे का, यावर वर्गात वाद घाला.

दुसरा प्रयोग संगणकावर. साध्या नोटपॅडमध्ये शीर्षकाला ‘एच १’ ची आणि परिच्छेदांना ‘पी’ ची खूण करून मजकूर लिहा. ही नावे रोमन लहान अक्षरांत, कोनी कंसात लिहितात. बंद करणाऱ्या खुणेत नावाआधी तिरकी रेघ देतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन एच-टी-एम-एल ही अक्षरे लावा. ब्राउझरमध्ये ती उघडा. उघडेबोडके पान दिसेल, त्याला हसू नका. ते वाचता येते आहे! मग ‘स्टाइल’ च्या खुणेत एकेक नियम घाला आणि दर वेळी काय बदलले ते वहीत टिपा. खिडकीची रुंदी माउसने कमी करत न्या आणि पान कोठे अडते ते पाहा.

तिसरा प्रयोग म्हणजे परीक्षाच. सगळे सजावटीचे नियम काढून टाका आणि राहिलेले पान डोळे मिटलेल्या मित्राला वरून खाली वाचून दाखवा. त्याला पातळी, वेळ आणि सूचना याच क्रमाने समजल्या का? समजल्या असतील तर पानाचा पाया पक्का आहे.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. सरावासाठी घातलेले आकडे काल्पनिक आहेत असे पानावर ठळक लिहा, आणि असे पान कोणाला पाठवू नका. पुराच्या वेळी माहिती अधिकृत ठिकाणचीच घ्यावी. मांडणी कितीही चांगली असली तरी खोटा आकडा खरा होत नाही.

मिरजेच्या त्या तांबटाने एकेक अक्षर उलटे कोरले, तेव्हा पान पुन्हा बदलायची सोय त्याच्याजवळ नव्हती. तुमच्याजवळ ती आहे. पान एकदा करा, आपल्या आजोबांना वाचायला द्या, ते कोठे अडखळतात ते पाहा आणि पुन्हा दुरुस्त करा. आजोबांनी “आयर्विनला पाणी किती?” हे चष्मा न शोधता सांगितले, की समजा, तुम्हाला मांडणी जमली!